‘आमच्या घराण्यातच आहे’ म्हणून बीपी मोजायचं राहू नये

माननीय संपादक यांस,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात, पक्षाघाताचा धोका आता डीएनए टेस्टमधून आधीच कळतो अशा अर्थाची एक बातमी आली होती, तेव्हापासून लिहायचं मनात घोळतंय, आज लिहितेच. मी फिजिओथेरपिस्ट आहे. झटका येऊन गेलेल्या माणसांना परत बसवणं, उभं करणं, घट्ट मिटलेली मूठ उघडायला लावणं हे माझं रोजचं काम, आणि त्यामुळे पेशंटइतकंच बोलणं होतं ते त्यांच्या मुलामुलींशी. त्या बातमीनंतर त्यातल्या काहींनी विचारलं की मॅडम आम्ही पण ती टेस्ट करून घेऊ का, आणि काहींनी काहीच विचारलं नाही, त्यांनी परस्पर ठरवूनच टाकलं की आजोबांना झाला, बाबांना झाला, म्हणजे आता आपला नंबर, रक्तातच आहे तर गोळ्या खाऊन काय फरक पडणार. मला दोघांचीही काळजी वाटते, पण दुसऱ्यांची खूप जास्त, कारण टेस्ट करणाऱ्याचे फार तर पैसे जातील, गोळी बंद करणाऱ्याचा हात-पाय जाऊ शकतो.

बातमीतलं विज्ञान खोटं नव्हतं हो, पण ते अर्धंच होतं आणि उरलेलं अर्धं सांगितलं नाही तर लोक घाबरतात तरी किंवा हातपाय गाळून बसतात तरी.

मुळात पक्षाघात हा एकच आजार नाहीये. मेंदूतली रक्तवाहिनी फुटते तो एक प्रकार आणि रक्तवाहिनी बंद होऊन पुढच्या भागाला रक्तच मिळत नाही तो दुसरा, त्याला डॉक्टर इस्केमिक स्ट्रोक म्हणतात आणि बहुतेकांना होतो तो हाच. आता या इस्केमिकमध्ये पण परत वेगवेगळी घरं आहेत. कुणाच्या मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीत चरबीचा थर साचलेला असतो, कुणाच्या हृदयात गुठळी तयार होऊन ती वर मेंदूत जाऊन अडकते, कुणाच्या मेंदूतल्या अगदी बारीक वाहिन्या वर्षानुवर्षं बीपीचा मार खाऊन खाऊन आतून जाड होत बंद पडतात, आणि बऱ्याच जणांत सगळ्या तपासण्या करूनही नेमकं कारण सापडत नाही. १९९३ पासून डॉक्टर लोक साधारण याच पद्धतीने पेशंटची वर्गवारी करतात. हे सांगायचं कारण असं की जनुकं शोधायला गेलं तेव्हा प्रत्येक घराची जनुकं बरीचशी वेगवेगळी निघाली. पीआयटीएक्स२ आणि झेडएफएचएक्स३ या जनुकांजवळचे बदल हृदयातून येणाऱ्या गुठळीशी जोडलेले आहेत, कारण मुळात ते हृदयाचे ठोके अनियमित होण्याशी, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनशी जोडलेले आहेत. एचडीएसी९ नावाच्या जनुकातला बदल २०१२ मध्ये सापडला, तो मोठ्या रक्तवाहिनीच्या प्रकारात दिसतो. नवव्या गुणसूत्रावरची एक जागा अशी आहे की ती आधी हार्ट अटॅकच्या संशोधनात २००७ मध्ये सापडली आणि मग पक्षाघातातही दिसली. म्हणजे ‘पक्षाघाताचं जनुक’ असं एक काही नाहीच, त्यामुळे ‘पक्षाघाताची जनुकीय टेस्ट’ असं कुणी म्हटलं की आधी विचारायचं, कुठल्या प्रकाराची?

या शोधाचा इतिहास पण बघण्यासारखा आहे. २००३ मध्ये आइसलँडमधल्या संशोधकांनी पीडीई४डी नावाचं जनुक पक्षाघाताशी जोडलेलं आहे असं जाहीर केलं, मोठा गाजावाजा झाला, आणि मग इतर देशांत लोकांनी तपासलं तर कुठे जुळतंय कुठे नाही असं व्हायला लागलं, आणि पुढे लाखांच्या घरातल्या अभ्यासांमध्ये ते ठळकपणे वर आलंच नाही. त्यात कुणी लबाडी केली असं नाही, थोड्या लोकांवर अभ्यास केला की असं होतंच. म्हणून मग जगभरातल्या टीम एकत्र आल्या. २०१८ मध्ये साधारण ६७ हजार पेशंट आणि साडेचार लाख बाकीचे लोक असा मेगास्ट्रोक नावाचा अभ्यास झाला, त्यात डीएनएवरच्या ३२ जागा मिळाल्या. २०२२ मध्ये त्याहून मोठा गिगास्ट्रोक, त्यात १ लाख १० हजारांवर पेशंट आणि तुलनेला १५ लाखांवर लोक, तेव्हा जागा झाल्या ८९. इतक्या प्रचंड लोकांची गरज का पडली? कारण यातला एकेक बदल इतका हलका आहे की थोड्या लोकांत तो दिसतच नाही. तागडीत एकेक दाणा पडावा तसं आहे ते, एका दाण्याने काटा हलत नाही, तुमच्याकडे काही दाणे असतात माझ्याकडे दुसरे काही असतात, आणि असे धोक्याचे थोडेफार दाणे नाहीत असा माणूस नसतोच. जनुकीय रिस्क स्कोअर म्हणून जो आकडा टेस्टवाले देतात तो म्हणजे या दाण्यांची बेरीज.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की मेगास्ट्रोकमध्ये सापडलेल्या जागांपैकी जवळपास निम्म्या जागा रक्तवाहिन्यांच्या इतर गोष्टींशी पण जोडलेल्या निघाल्या, आणि त्यात सगळ्यात जास्त नातं कशाशी होतं तर ब्लडप्रेशरशी. म्हणजे घराण्यातून येतो त्यातला मोठा भाग थेट झटका नसतोच, बीपी वाढायचा कल येतो, ठोके बिघडायचा कल येतो. आणि बीपी तर मोजता येतं! त्याला थुंकीचा नमुना कुठे पाठवावा लागत नाही. ज्याच्या वडलांना हृदयातून गुठळी जाऊन झटका आला त्याने पीआयटीएक्स२ ची टेस्ट करण्यापेक्षा अधूनमधून नाडी नियमित आहे का ते बघावं, शंका आली तर ईसीजी काढावा. एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या माणसाला पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट असतो आणि रक्त पातळ ठेवायच्या औषधाने तो दोन तृतीयांशने कमी होतो, इतका फरक पाडणारं दुसरं काही पटकन सांगता येणार नाही.

आता त्या स्कोअरचा आकडा. बातमीत ‘जास्त धोका असणाऱ्यांत ३५ टक्के जास्त प्रमाण’ असं लिहिलं होतं आणि लोकांनी वाचलं काय, तर मला ३५ टक्के चान्स आहे. एका सुशिक्षित मुलाने मला हेच ऐकवलं. हा ३५ टक्क्यांचा आकडा ब्रिटनमधल्या यूके बायोबँकच्या अभ्यासाचा आहे, २०१८ साली प्रसिद्ध झालेला, त्यात ३ लाख ६ हजारांवर लोक होते, वय चाळिशी ते सत्तरीच्या थोडं पुढे, आणि साधारण सात वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. त्या सात वर्षांत झटका आला २०७७ जणांना, म्हणजे शंभरात एकही नाही. ज्यांचा जनुकीय स्कोअर वरच्या तिसऱ्या भागात होता त्यांच्यात खालच्या तिसऱ्या भागापेक्षा ३५ टक्के जास्त. मग शंभरात एकाहून कमीवर ३५ टक्के चढवले तरी शंभरात साधारण एकच होतो ना. वय वाढेल तसा हा मूळ आकडा वाढतो हे खरं, पण ३५ टक्के चान्स आणि ३५ टक्क्यांनी जास्त यात केवढं अंतर आहे बघा.

त्याच अभ्यासात दुसरा आकडा होता जो बातमीत आलाच नाही. सिगरेट न ओढणं, नीट आहार, प्रमाणात वजन, नियमित व्यायाम या चार गोष्टी बघितल्या होत्या, आणि ज्यांच्यात या चारपैकी एकही नाही किंवा जेमतेम एक आहे त्यांना, चारपैकी तीन-चार गोष्टी पाळणाऱ्यांपेक्षा ६६ टक्के जास्त झटके आले. जनुकांचे ३५, राहणीचे ६६. आणि जनुकीय स्कोअर कमी असो मधला असो की जास्त असो, चांगल्या राहणीचा फायदा तिन्ही गटांत दिसला. म्हणजे ज्याला वाटतं की माझ्या रक्तातच आहे तर आता काय उपयोग, त्यालाही उपयोग आहेच. हे वाक्य मला ठळक अक्षरात छापून हवं होतं आणि नेमकं तेच गळलं. एवढ्यासाठीच हे पत्र आहे म्हणा ना.

औषधाचं पण सांगते. बीपीच्या औषधांवरचे बरेचसे अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये हिशेब मांडला गेला तेव्हा वरचं बीपी १० ने खाली आणलं की पक्षाघात साधारण २७ टक्क्यांनी कमी होतो असं दिसलं. त्याच वर्षी ३२ देशांतल्या इंटरस्ट्रोक अभ्यासाने सांगितलं की बीपी, सिगरेट, शुगर, कमरेचा घेर, बैठं आयुष्य, आहार, दारू, मानसिक ताण, हृदयाचे आजार आणि रक्तातली चरबी या दहा गोष्टींमध्येच जगभरातल्या पक्षाघाताच्या धोक्याचा जवळपास ९० टक्के हिशेब लागतो, आणि यात पहिला नंबर बीपीचा. आता कुणी म्हणेल की एकीकडे अनुवंशिकतेचा वाटा ३८ टक्के आहे असंही संशोधन आहे, मग दोन्ही मिळून शंभराच्या वर कसं जातं? तर हे दोन वेगळे कप्पे नाहीतच ना, जनुकं आपलं बरंचसं काम बीपी-शुगरच्या वाटेनेच करतात, म्हणून एकच धोका दोन्ही हिशेबांत मोजला जातो. वाट अडवली की जनुकाचा जोर पण कमी होतो.

मग घराण्याचा इतिहास बघायचाच नाही का? असं अजिबात नाही, उलट नीट बघायचा. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासात २०१० मध्ये दिसलं होतं की आई किंवा वडलांना वयाच्या ६५ च्या आत झटका आला असेल तर मुलांचा धोका साधारण तिप्पट असतो. यूके बायोबँकमधल्या त्या स्कोअरच्या फरकापेक्षा हा फरक कितीतरी मोठा आहे, आणि ही माहिती फुकट आहे, घरात मोठ्या माणसांना विचारली की मिळते. पण विचारायची कशी ते महत्त्वाचं. ‘आमच्यात पॅरालिसिस आहे’ एवढ्याने डॉक्टरला काही कळत नाही. कुणाला आला, कितव्या वर्षी आला, गुठळी होती की रक्तस्राव, तेव्हा बीपी होतं का, ते सिगरेट ओढत होते का, ठोके अनियमित होते का, हे लिहून न्यायचं. ८२ व्या वर्षी बीपीवाल्या आजोबांना आलेला झटका आणि ४५ व्या वर्षी धडधाकट मावशीला आलेला झटका, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आणि घराणं म्हणजे नुसतं रक्त नसतं, एका घरात मिठाचं प्रमाण, झोप, सिगरेटचा धूर सगळंच वाटून घेतलेलं असतं, त्यातलं किती जनुकाचं आणि किती सवयीचं हे बाहेरून सांगता येत नाही.

आता ज्यांच्यासाठी जनुकीय तपासणी खरंच गरजेची आहे त्यांच्याबद्दल बातमीत अवाक्षर नव्हतं, याचं मला जास्त वाईट वाटलं. काही थोड्या कुटुंबांत एकाच जनुकातल्या एकाच बदलामुळे पक्षाघात होतो, तिथे दाण्यांची बेरीज वगैरे काही नाही. त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा म्हणजे कॅडासिल. १९ व्या गुणसूत्रावर नॉच३ नावाचं जनुक आहे, १९९६ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी ते शोधलं, त्यात बिघाड असेल तर मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती हळूहळू खराब होत जातात. आई-वडलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी. तिशीच्या आसपास डोळ्यासमोर प्रकाशाच्या रेषा दिसून उठणारी अर्धशिशी, मग चाळिशी-पन्नाशीत छोटे छोटे झटके, पुढे स्मृती आणि मूड बिघडणं, आणि एमआरआयमध्ये वयाच्या मानाने खूपच जास्त पांढरे डाग, विशेषतः कानशिलामागच्या भागात पुढच्या बाजूला. असं एकाच घरात दोन-तीन पिढ्यांत दिसत असेल तर न्यूरोलॉजिस्टला स्पष्ट विचारा की कॅडासिल असू शकेल का.

आणि इथेही ‘होणारच’ असं म्हणता येत नाही हे बघून मला स्वतःला नवल वाटलं होतं. मोठ्या प्रमाणावर लोकांचे डीएनए वाचले गेले तेव्हा नॉच३ मधले अशा जातीचे बदल काही शे लोकांमागे एका माणसात सापडायला लागले, म्हणजे पूर्वी वाटायचं त्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि त्यातले कित्येक जण उतारवयापर्यंत ठणठणीत असतात. बदल जनुकाच्या सुरुवातीच्या भागात आहे की पुढच्या भागात यावर पण आजार किती तीव्र होईल ते बऱ्यापैकी ठरतं. आणि एवढा पक्का जनुकीय आजार असूनही जे सिगरेट ओढतात, ज्यांचं बीपी जास्त आहे, त्यांना झटका येण्याचा धोका जास्त दिसतो. म्हणून तिथे सुद्धा डॉक्टर सिगरेट सोडायलाच सांगतात. फक्त एक, ज्याला अजून काहीच त्रास नाही अशा भावंडाने किंवा मुलाने ही टेस्ट करण्याआधी जनुकीय समुपदेशकाशी बसून बोलावं, कारण एकदा कळलं की ते परत ‘न कळलेलं’ होत नाही, आणि लग्न, मुलं, नोकरी सगळ्याचा विचार त्यावरून सुरू होतो.

सिकलसेल या रक्ताच्या अनुवंशिक आजाराचं पण असंच. त्यात लहान मुलांना झटका येतो, लहान मुलांना! पण डोक्यावरून केलेल्या डॉपलर सोनोग्राफीत रक्ताचा वेग जास्त दिसला तर नियमित रक्त देऊन तो टाळता येतो, १९९८ च्या एका चाचणीत अशा मुलांमधले झटके ९० टक्क्यांहून जास्त कमी झाले होते. फॅब्री नावाचा आजार आहे, तोही जनुकातल्या बिघाडाचा आणि त्यातही झटका येऊ शकतो, त्यात कमी पडणारं एन्झाइम बाहेरून देता येतं. तर अशा ठिकाणी टेस्ट म्हणजे पुढे काहीतरी करता येण्याची वाट असते. एमटीएचएफआर नावाच्या जनुकाची टेस्ट मात्र लोक उगाच करत बसतात आणि रिपोर्ट घेऊन घाबरे होऊन येतात, तो बदल खूप लोकांत असतो आणि रक्त गोठण्याच्या तपासणीत ती टेस्ट नेहमीची म्हणून करू नका असं अमेरिकेतल्या जनुकतज्ज्ञांच्या संस्थेनेच २०१३ मध्ये सांगून टाकलंय.

एक जनुक मात्र असं आहे की जे झटका येऊन गेलेल्यांच्या रोजच्या गोळीशी थेट संबंधित आहे, सीवायपी२सी१९. गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल देतात, ती गोळी जशी गिळतो तशी काम करत नाही, लिव्हरमधलं एक एन्झाइम तिला चालू करतं, आणि ते एन्झाइम बनवायची सूचना या जनुकात असते. काहींच्यात ते कमी चालतं, आशियाई लोकांत असे लोक युरोपियनांपेक्षा जास्त आहेत. अमेरिकेच्या एफडीएने २०१० मध्येच यावर इशारा दिला होता. २०२१ मध्ये चीनमध्ये अशा ६४०० पेशंटवर चाचणी झाली, ९० दिवसांत परत झटका येण्याचं प्रमाण क्लोपिडोग्रेलवर ७.६ टक्के होतं आणि टिकाग्रेलर या दुसऱ्या औषधावर ६ टक्के. २०२४ मध्ये ब्रिटनच्या नाइस संस्थेने क्लोपिडोग्रेल देण्याआधी ही टेस्ट करावी अशी शिफारस केली. आता हे वाचून कुणी क्लोपिडोग्रेल आपल्या मनाने थांबवू नका, हात जोडून सांगते, ती बहुतेकांना लागू पडते आणि अचानक बंद करणं हाच मोठा धोका आहे. डॉक्टरांना विचारा एवढंच.

अजून एक, हे स्कोअर बनले ते बहुतांश युरोपियन वंशाच्या लोकांच्या डीएनएवरून. गिगास्ट्रोकमध्ये एक तृतीयांश पेशंट इतर वंशांचे होते, ही चांगली सुधारणा आहे, पण तरी एका लोकसमूहावर बसवलेला स्कोअर दुसऱ्यावर तितका नीट बसत नाही हे वारंवार दिसलंय. टेस्टवाल्याने आकडा दिला तर हा आकडा कुणाच्या डीएनएवर तपासलाय हे विचारायचा आपला हक्क आहे.

मी जनुकांच्या संशोधनाच्या विरोधात आहे असं कृपया कुणी समजू नये. त्यातून नवीन औषधांची दिशा मिळते. ज्यांच्यात जन्मतःच फॅक्टर इलेव्हन, म्हणजे रक्त गोठायला मदत करणारा एक घटक, कमी असतो त्यांना इस्केमिक स्ट्रोक कमी होतो आणि मेंदूत रक्तस्राव मात्र फारसा वाढत नाही, हे बघूनच त्या फॅक्टरला अडवणाऱ्या औषधांना जोर मिळाला. अनियमित ठोक्यांच्या पेशंटवरची अशी एक मोठी चाचणी २०२३ मध्ये मध्येच थांबवावी लागली कारण जुनं औषधच सरस ठरत होतं, पण असंच चाचपडत पुढे जायचं असतं.

संपादक महोदय, तुम्हाला विनंती आहे की पुढच्या वेळी अशी बातमी छापताना तीन गोष्टी विचारून घ्या, पक्षाघाताचा कुठला प्रकार, अमुक टक्के जास्त म्हणजे शंभरात कितीचे किती, आणि कुठल्या लोकांवर अभ्यास झाला. आणि या वेळेपुरती एक छोटी चौकट छापा, की घराण्यात पक्षाघात असेल तर आज बीपी मोजा, चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका, आणि तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं तर लगेच हॉस्पिटल गाठा कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. ती बातमी ज्या पानावर होती त्याच पानावर छापा, म्हणजे ज्यांनी ती वाचली त्यांच्याच नजरेला पडेल.

आपली,
एक नियमित वाचक, फिजिओथेरपिस्ट